"इंजिन कुठलं टाकलंय?" जुन्या जीपचं इंजिन काढण्याआधी काय काय तपासायचं

मुंबईत जुनी जीप घेऊन सिग्नलला उभं राहिलं की बाजूच्या रिक्षातून, टेम्पोतून, कधी कधी तर ट्रॅफिक हवालदाराकडून पण पहिला प्रश्न ठरलेला, "इंजिन कुठलं टाकलंय?" म्हणजे टाकलंय हे गृहीतच. आणि त्यांचं काही चुकत नाही, कारण आपल्याकडच्या जुन्या पेट्रोल जीपांपैकी मूळ इंजिनावर चालणारी शोधायची म्हणजे दिवा घेऊन फिरावं लागतं. एके काळी डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं, जीप हे शेतावरचं आणि वडापचं वाहन होतं, मग कुणी पेजो या फ्रेंच कंपनीचं डिझेल इंजिन टाकलं, कुणी मॅटाडोरचं टाकलं, कुणी जे हाताला लागलं ते टाकलं. त्यावेळी जीप जुनी म्हणून कुणी जपत नव्हतं, पोट भरायला चालवत होते, त्यामुळे त्या लोकांना नावं ठेवण्यात काही अर्थ नाही.

पण आज जो माणूस चेंबूर नाहीतर ठाण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये जीप ठेवतो आणि महिन्यातून दोनदा कर्जत-खोपोलीकडे काढतो त्याचा हिशेब वेगळा आहे. मी स्वतः या भानगडीतून दोन्ही बाजूंनी गेलोय. माझी १९६७ची सीजे-३बी, आपण जिला हाय बोनेट म्हणतो ती, मी घेतली तेव्हा तिच्यात पेजोचं डिझेल होतं, आज तिच्यात तिचं स्वतःचं पेट्रोल इंजिन आहे. माझ्या एका मित्राने उलटं केलं, जिप्सीचं मूळ इंजिन काढून मोठं टाकलं आणि त्याचंही बरोबरच होतं. तेव्हा हे वाचून शेवटी सगळ्यांनी मूळ इंजिनच ठेवा असं मी सांगणार नाही. पण कुठल्या क्रमाने तपासायचं ते सांगतो, कारण बहुतेक जण पान्यापासून सुरुवात करतात आणि कागद शेवटी काढतात, तिथेच वाट लागते.

तर पहिलं काम, गॅरेजला जायच्या आधी आरसी काढा, टॉर्च घ्या, वायर ब्रश घ्या आणि इंजिनवरचा नंबर वाचा. विलिसच्या, म्हणजे जीपच्या मूळ अमेरिकन कंपनीच्या, चार सिलिंडरवाल्या इंजिनात तो पुढच्या बाजूला, वॉटर पंपाच्या मागच्या उंचवट्यावर असतो, वर्षानुवर्षांच्या तेलाखाली आणि कुणीतरी मारलेल्या चंदेरी रंगाखाली दडलेला. दिसत नसेल तर थिनरने पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा येतो. आता हा नंबर, फ्यूएल आणि सीसी, तिन्ही आरसीशी जुळतंय का बघा. माझ्या जीपमध्ये आरसीवर पेट्रोल लिहिलेलं आणि बोनेटखाली डिझेल, आणि मी इतका शहाणा की घेताना नुसता आवाज ऐकून खूश झालो होतो.

यात कायदा काय म्हणतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण "सब सेटिंग हो जाता है" म्हणणारे खूप भेटतील. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने जे मूळ दिलंय आणि आरसीवर जे आहे त्यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सूट आहे ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी वगैरे वेगळ्या इंधनाच्या मान्यताप्राप्त किटला, तीही अटींवर. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए आलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे नीट वाचा. म्हणजे पेट्रोलच्या जागी त्याच जातीचं दुसरं पेट्रोल इंजिन टाकून नंबर बदलायचा असेल तर इंजिनाचं बिल, ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद हे घेऊन आधी आरटीओत लेखी विचारा, आणि पेट्रोलच्या जागी कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारं नवं) डिझेल बसवायचं असेल तर ते रस्त्यावर कायदेशीर होईल असं कुणी तोंडी सांगितलं तर त्याला ते कागदावर द्यायला सांगा. अपघात झाला की इन्शुरन्सचा सर्व्हेयर पहिला इंजिन नंबरच बघतो, तेव्हा तो सेटिंगवाला फोन उचलत नाही.

आणि अजून एक गोष्ट जी जीपवाल्यांना फारशी माहीत नसते. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली, खासगी, दुचाकी किंवा चारचाकी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरप्लेटवर राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नंतर १० वर्षांनी पुन्हा नोंदवताना ५०००. पण अट काय, तर गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालणार नाही. म्हणजे १९७५च्या आतली जीप असेल तर इंजिन बदलताना तुम्ही हा दरवाजा पण बंद करताय. आता या नोंदणीवर रोज ऑफिसला जाता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स एवढ्यासाठीच गाडी काढायची, त्यामुळे मी ती घेतली नाही, मी आपला १५ वर्षांनंतरचा दर पाच वर्षांचा फिटनेस आणि पर्यावरण कर भरत बसतो. पण ज्याला हॉर्निमन सर्कलच्या रॅलीत जीप उभी करायची आहे, बाकी वर्षभर ती कव्हरखालीच असते, त्याने मूळ इंजिनाला हात लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

कागद झाले. आता इंजिन खरंच मेलंय का ते बघू. कारण "इंजिन गेलंय साहेब, बदलून टाका" हे वाक्य फार स्वस्तात ऐकायला मिळतं.

माझं मूळ इंजिन ज्याच्याकडून जीप घेतली त्याच्या मुरबाडकडच्या गोडाऊनमध्ये पडलेलं होतं, गोणपाटाखाली, वर कोंबड्यांची खुराडी. नंबर जुळला तेव्हा मी तिथेच उड्या मारायचा बाकी होतो. टेम्पोत घालून आणलं, प्लग काढले, चारही भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतून चार दिवस तसंच ठेवलं. जोर लावून फिरवायचं नाही, रिंगा बोअरला चिकटलेल्या असतात, जोर लावलात की तुटतात. पाचव्या दिवशी हँडल लावून हळूच अर्धा इंच पुढे, अर्धा इंच मागे, असं करत करत संध्याकाळपर्यंत पूर्ण फेरा झाला. मग टायरवर इंजिन बसवलं, बेल हाउसिंग आणि सेल्फ लावला, बॅटरी जोडली आणि कॉम्प्रेशन गेज लावला.

ही टेस्ट कशी करायची ते सांगतो, घरी होते, गेज काही महाग नसतो. चालू गाडी असेल तर इंजिन गरम करून करा, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा धक्के मिळेपर्यंत सेल्फ मारायचा. चारही आकडे खडूने फेंडरवर लिहा. हाय बोनेटचं हे मूळ हरिकेन इंजिन धडधाकट असेल तर ११० ते १३० पीएसआयच्या आसपास यायला हवं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौघांत १० च्या वर फरक नको. माझे आले ९८, १०१, ६२ आणि ९६, इंजिन गार होतं त्यामुळे सगळेच जरा कमी, पण तिसऱ्याचा घोळ उघड होता. आता त्या तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकायचं आणि परत मोजायचं. आकडा टुणकन वर गेला तर रिंगा नाहीतर बोअर गेलंय, ऑइलने फट बुजली म्हणून वाढला. नाही हलला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर हेड गास्केट. माझा ६२ वरून ६४ झाला, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडल्यावर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह एका कडेने जळालेला सापडला. ज्या इंजिनाला मी घेताना विकणारा "भंगार आहे ते, किलोवर घाला" म्हणत होता त्याचा मोठा आजार म्हणजे हा एक व्हॉल्व्ह.

उघडलंच आहे तर लेथवाल्याकडे बोअर मोजून घ्या. या इंजिनाचा मूळ बोअर सव्वातीन इंचाला थोडा कमी, ३ पूर्णांक १/८ इंच, म्हणजे ७९.४ मिमी. वीस, तीस, चाळीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असे साइझ वाढवत नेता येतात. आधीच फॉर्टी करून झालेलं असेल तर लायनर टाकून परत स्टँडर्डला आणता येतं, त्यामुळे "आता बोअर होणार नाही" हे ऐकून लगेच घाबरू नका. घाबरायची जागा वेगळी आहे, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि बोअर यांच्या मधली भिंत. या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि कधीतरी पाण्याविना तापलेलं इंजिन तिथे तडकतं. डाय (भेगेत शिरणारा रंग) टाकून क्रॅक बघायला सांगा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. ब्लॉक तिथे तडकलेला निघाला, तरच मी म्हणेन की दुसऱ्या इंजिनाचा विचार सुरू करा, आणि तेव्हाही आधी त्याच जातीचा दुसरा ब्लॉक कुर्ल्याला सीएसटी रोडच्या दुकानांत आणि चोर बाजारात शोधा. एका फेरीत मिळत नाही. चार शुक्रवार घालवा. दुकानदाराला तुमचा चेहरा ओळखीचा झाला की मग आतलं सामान बाहेर येतं.

एक गंमत सांगतो. हाय बोनेटला हाय बोनेट का म्हणतात? आधीच्या जीपांत गो-डेव्हिल इंजिन होतं, २१९९ सीसी, ६० एचपी, सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे बुटकं. १९५३च्या सीजे-३बी मध्ये हरिकेन आलं, सीसी तेवढाच पण इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बोनेट उचलावं लागलं. म्हणजे त्या गाडीचा तो चौकोनी उंच चेहरा आपल्याला आवडतो तो मुळात या इंजिनामुळेच आहे. हे कळल्यावर मला पेजो बघवेना.

असो. आता "पावर कमी पडते" या तक्रारीकडे. कुठे कमी पडते ते आधी सांगा. चिखलात? हाय बोनेटचा पहिला गिअर २.७९८, लो रेंज (फोर बाय फोरचा हळू गिअर) २.४६, आणि डिफरन्शियल ५.३८, गुणाकार करा, ३७ येतो. म्हणजे इंजिनचा टॉर्क चाकापाशी ३७ पट होऊन पोचतो, सत्तरेक एचपीला एवढी मदत असताना माळरानावर किंवा नदीपात्रात ती जीप अडली तर बहुतेक वेळा टायर नाहीतर ड्रायव्हर कमी पडलेला असतो. कमी पडते ती हायवेला, आणि इथेच लोक फसतात.

हिशेब बघा. ६.००-१६ च्या टायरचा एक फेरा साधारण सव्वादोन मीटर. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, म्हणजे चाकाचे ५९३ फेरे, गुणिले ५.३८, झाले ३१९०. टॉप गिअर डायरेक्ट आहे, म्हणजे ८० ला इंजिन ३१९० आरपीएमवर बोंबलतंय. आता तुम्ही यात टर्बो डिझेल टाकलंत आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल जुनंच ठेवलंत तर ८० ला त्याचेही तेवढेच ३१९० होणार, गणित इंजिनाचं नाव बघत नाही! डिझेलची मजा २००० च्या आसपास असते, ३२०० ला नाही. म्हणजे दीड-दोन लाख घालून जीप ८० ला आधीइतकीच ओरडते आणि वर धूर सोडते. पाच गिअरचा बॉक्स, ज्याचा पाचवा ०.८५ च्या आसपास असेल, तो लावला तर २७१० पर्यंत येतं. किंवा डिफरन्शियलचा रेशो बदला, पण मग पुढचा आणि मागचा दोन्ही, एक जरी राहिला तर फोर बाय फोर टाकल्याबरोबर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा बॉक्स, रडायला लागेल. म्हणून मी म्हणतो की वेगाची तक्रार असेल तर आधी गिअरचा हिशेब कागदावर करा. आणि खरं सांगू का, जुन्या पुणे रोडने ६० ला जायची ज्याची तयारी नाही त्याने हाय बोनेट घेऊच नये.

मूळ इंजिन ठेवायचं ठरलं तर मुंबईत ते सुखात राहावं म्हणून चार गोष्टी करा. तापणं ही सगळ्यात मोठी. मे महिन्यात सायनच्या सर्कलला अर्धा तास रांगत गेलात की काटा वर. रेडिएटर उघडून रॉड मारून साफ करून घ्या नाहीतर कोअरच बदला, पंख्याभोवती शेड लावा, थर्मोस्टॅट काढून फेकू नका, आणि बोअरवेलचं पाणी भरू नका, आतून दगड धरतो. तुमची जीप जुनी असेल, गो-डेव्हिलवाली, तर वॉटर पंप काढून आत बघा, ब्लॉकच्या आत एक पत्र्याची लांब नळी असते, मागच्या सिलिंडरांपर्यंत पाणी पोचवायला. ती गंजून गेलेली असते आणि कुणाला पत्ताच नसतो, रेडिएटर तीन वेळा बदलतात, तरी चौथा सिलिंडर तापतोच. माझ्या ओळखीच्या एकाने याच एका नळीपायी इंजिन बदलायला काढलं होतं, काढली तेव्हा हातात भुगा आला.

दुसरं पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते जुन्या पंपाचा डायफ्राम आणि रबरी होस खातं. व्हायटॉनचे होस आणि इथेनॉल चालणारा डायफ्राम टाका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्या जुलैच्या हवेत पाण्याला काय तोटा, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. याच्याच भावंडाचा त्रास म्हणजे व्हेपर लॉक, उन्हात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडते, पेट्रोल पाइपातच उकळलेलं असतं. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे, अजून चालतं ते. कायमचं करायचं तर पेट्रोलची लाइन मॅनिफोल्डपासून लांब वळवा किंवा टाकीजवळ कमी प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप लावा, पण इंजेक्शन गाडीचा पंप लावू नका, कार्बोरेटरची सुई त्याच्यापुढे टिकत नाही, पेट्रोल ओसंडून मॅनिफोल्डवर गळतं आणि मग देवच वाली.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं तरी बाहेरून डिस्ट्रिब्यूटर तोच दिसतो आणि कधीही परत फिरवता येतं, मी टाकलंय. ऑइल फिल्टर बायपास पद्धतीचा असतो, सगळं ऑइल त्यातून जात नाही, म्हणून ऑइल लवकर लवकर बदला, आणि पाण्यासारखं पातळ सिंथेटिक नको, साधं २०डब्ल्यू-४० बरं. शहरात मला ६-७ चं अ‍ॅव्हरेज मिळतं. त्यावर बायको काय बोलते ते इथे लिहीत नाही.

आता दुसरी बाजू. ब्लॉक तडकलेला, किंवा मूळ इंजिन आधीच कुठेतरी भंगारात गेलेलं, किंवा जीप रस्त्यावर न जाता शेतावर, खासगी ट्रॅकवरच राहणार, अशांनी बदल जरूर करावा, पण करताना इंजिनाच्या किमतीवर बजेट बांधू नका. इंजिन ही त्यातली स्वस्त वस्तू असते. अ‍ॅडॉप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी), माउंटिंग, रेडिएटर, वायरिंग, सायलेन्सर, क्लच, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेक, पैसा तिथे जातो.

इंजिन घ्यायच्या आधी चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, कुठल्या बाजूला खोल आहे ते बघा. विलिस घराण्याच्या जीपांत पुढचा गोळा (डिफरन्शियल) उजवीकडे सरकलेला असतो आणि पुढचा शाफ्ट त्याच बाजूने जातो, त्यामुळे ज्या इंजिनाचा चेंबर किंवा एक्झॉस्ट तिथे येतो ते बसत नाही, मग चेंबर कापा, वेल्डिंग करा, गळती सुरू. पाटे दाबले गेल्यावर एक्सल वर येतो तेव्हाही चेंबरला लागता कामा नये, नुसतं जॅकवर बघून चालत नाही. दोन्ही इंजिनं भंगारवाल्याच्या काट्यावर तोला, खरंच तोला, फरक मोठा असला तर पुढचे पाटे बदलावे लागतील नाहीतर नाक खाली.

कुठलं इंजिन? मला विचाराल तर जितकं साधं तितकं बरं. महिंद्राच्याच जुन्या जीपांतलं पेजोचं २११२ सीसी, ६२ एचपी, किंवा डीआय २५२३ सीसी, दोन्हीत पंप यांत्रिक आहे, बंद करायला एक सोलेनॉइड सोडला तर विजेचं काही लागत नाही, आणि स्पेअर मुरबाडपासून मालेगावपर्यंत कुठेही मिळतो. कॉमन रेल टाकायचं तर नुसतं इंजिन घेऊ नका, पूर्ण हार्नेस (वायरिंग), ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), अ‍ॅक्सिलरेटर पेडल, चावी आणि इमोबिलायझर सगळं एकाच गाडीतलं घ्या, एक सेन्सर जरी दुसऱ्या मॉडेलचा आला तर गाडी लिंप मोडमध्ये (जेमतेम रांगण्यापुरत्या) जाते आणि तुम्ही बोगद्यात उभे. आणि ईसीयू सीटच्या उंचीवर बसवा, हिंदमाताला कधी पाणी भरेल हे तुम्हाला विचारून ठरत नाही.

सगळ्यात जास्त काळजी कुठे घ्यायची असेल तर अ‍ॅडॉप्टर प्लेट. माझी जीप पेजोवर असताना आम्ही नाशिकहून परत येत होतो, इगतपुरी मागे पडलं, कसारा घाट उतरायला लागलो आणि तिसऱ्या गिअरमध्ये एक बारीक किणकिण सुरू झाली, क्लच दाबला की आवाज बदलायचा. मी म्हटलं असेल काहीतरी, पुढे बघू. लतीफवाडीच्या पुढे ते किणकिण घरघर झालं आणि मग गिअर पडेचना. टो करून आणली, बॉक्स उतरवला तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचे गोळे तेलात, शाफ्टचं टोक धरणाऱ्या पायलट बेअरिंगचं बुश निळं पडलेलं. आधीच्या मालकाने कुठल्याशा गॅरेजमध्ये प्लेट ड्रिल मशीनवर नजरेने पाडून घेतली होती, इंजिनचा मध्य आणि बॉक्सचा मध्य जुळतच नव्हता, डायल गेज (मध्य किती हलतो ते मोजणारा) लावल्यावर काटा नाचला. एवढीशी चूक, पण मिनिटाला दोन-तीन हजार वेळा तोच शाफ्ट वाकतो, बेअरिंग किती दिवस सोसणार. म्हणून प्लेट बसवली की क्लच लावायच्या आधी क्रँकवर डायल गेज बांधून बेल हाउसिंगच्या भोकात एक फेरा फिरवून बघा, तुमच्यासमोर, फोटो पाठवतो म्हणाला तर नको म्हणा. शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये पुरेसं आत जातंय का तेही तेव्हाच बघा.

ब्रेक तर इंजिनाच्या आधी करा. नऊ इंचाचे ड्रम, एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर, एक होस फुटला की चारही चाकं मोकळी. मूळ इंजिन ठेवलंत तरी ब्रेक बघा, आणि बदललंत तर दोन सर्किटचा मास्टर, बूस्टर आणि पुढे डिस्क. डिझेलच्या मॅनिफोल्डला व्हॅक्यूम नसतो, अल्टरनेटरमागे व्हॅक्यूम पंप आहे का हे इंजिन घेतानाच विचारा, नाहीतर बूस्टर म्हणजे नुसता डबा.

जिप्सीवाल्या मित्राचं का सोपं गेलं ते सांगतो. जुन्या एमजी ४१० मध्ये ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर. नंतरच्या किंगमध्ये १२९८ सीसी आणि पाच गिअर. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, मध्ये एक छोटा शाफ्ट असतो, त्यामुळे इंजिन आणि बॉक्स जोडीने उचलून जोडीने बसवता येतात, अ‍ॅडॉप्टरचा कारभारच नाही, फक्त माउंटिंग आणि त्या छोट्या शाफ्टची लांबी बघावी लागते. हाय बोनेटमध्ये ट्रान्सफर केस बॉक्सच्या ढुंगणालाच असते, एक हललं की सगळं हलतं. त्यातही त्याचं इंजिन पेट्रोलच्या जागी पेट्रोल, त्याच कंपनीचं, बिलासकट. तरी सीसी बदलला म्हणून त्याने आधी आरटीओत लेखी विचारलं आणि होकार कागदावर आल्यावरच पाना उचलला, दोन महिने गेले त्यात.

शेवटचं, काहीही बदललंत तरी चासी कापू नका. माउंटिंग बोल्टने बसतील अशी करून घ्या, जुने ब्रॅकेट ग्राइंडरने उडवू नका. आणि निघालेलं इंजिन विकू नका, चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ठेवावं लागलं तरी ठेवा. ठेवताना पाणी पूर्ण काढा, ऑइल नवीन भरा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल टाकून जुने प्लग घट्ट लावा, इनटेक, एक्झॉस्ट, पाण्याची भोकं सगळी लाकडाच्या बुचाने नाहीतर टेपने बंद करा, उंदीर आणि कुंभारीण माशी दोघांनाही ती जागा फार आवडते. वर ग्रीसचा हात, प्लास्टिकने पूर्ण गुंडाळू नका, आत दव धरतं, ताडपत्री सैल टाका. महिन्यातून एकदा पान्याने अडीच फेरे.

माझं पेजो तसंच जिन्याखाली आहे, आठ वर्षं झाली. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला सेक्रेटरी "ते इंजिन" हा विषय काढतात आणि मी म्हणतो पावसाळा झाला की हलवतो.